2024 ची आयल ऑफ मॅन टीटी (आयल ऑफ मॅन बेटावर रोजच्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटरसायकल शर्यती)

हल्ली शर्यती जास्त असतात, म्हणून मायकल डनलॉपच्या विजयांची काका जोईशी तुलना करू नये, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. शर्यती वाढल्या हे खरं, पण 60 किलोमीटरचा तो रस्ता, दगडी भिंती आणि घरांची कुंपणं तीच आहेत. जोईचे 26 विजय 2000 सालापर्यंतचे. त्या साली, वयाच्या 48 व्या वर्षी, एकाच आठवड्यात तीन शर्यती जिंकला होता तो.

आता एक गोष्ट सांगतो. 2024 मध्ये मायकलने शनिवारी सुपरस्पोर्ट गटाची शर्यत जिंकून जोईच्या 26 विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली. रविवारी सुपरबाइक गटात सहा फेऱ्यांची शर्यत त्याच्या हातात होती. पिट स्टॉपला पेट्रोल भरताना हेल्मेटची काचही बदलतात, कारण चिलटं चिकटून समोरचं दिसेनासं होतं. ती काच नीट बसलीच नाही. भर शर्यतीत बाइक थांबवून त्याला स्वतःच्या हातांनी ती बसवावी लागली आणि शर्यत पीटर हिकमनकडे गेली. मी त्या बेटाचं मँक्स रेडिओ लावून बसलो होतो, घशात आवंढा आला. इतक्या जवळून विक्रम निसटल्यावर मंगळवारी पुन्हा त्याच रस्त्यावर उतरून सुपरट्विन गटात मायकलने 27 वा विजय मिळवला. त्याच आठवड्यात आकडा 29 वर गेला. शर्यतींची संख्या मोजताना त्या रविवारनंतरचा मंगळवारही मोजा.