कंपन्यांच्या उत्तरदायित्वासाठी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार: देशातला कायदा पुरेसा नाही का?

वणीकर

मी यवतमाळ जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे पंपाचा फवारा उलटून तोंडावरच येत असे. हातमोजे आणि मुखवटा बहुतेकांकडे नव्हता, आणि असता तरी त्या दमट उकाड्यात तो दिवसभर कोणी घातला असता असे मला वाटत नाही.

पुढे दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नी आणि बचावलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा या कीटकनाशके बनवणाऱ्या स्विस कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये, बाझेल येथे दावा केला. ‘पोलो’ या कीटकनाशकामुळे हे घडले असे त्यांचे म्हणणे आहे आणि कंपनीला ते मान्य नाही. त्यातला डायफेन्थियुरॉन हा घटक खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला परवानगी नव्हती, मात्र २०२१ पर्यंत तो तिथून निर्यात करता येत होता. हे वर्गात सांगितल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, की सर, माणसे इथे मेली तर खटला वणीत किंवा यवतमाळात का नाही? मला तिला नीट उत्तर देता आले नाही.

संयुक्त राष्ट्रांत अशा कंपन्यांसाठी बंधनकारक करार करण्याची बोलणी २०१४ पासून चालू आहेत असे वाचनात आले. असा करार खरोखर आवश्यक आहे का, की आपलेच कायदे आपण नीट राबवले तर पुरेसे आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

काळा कोट

गुरुजी, त्या मुलीचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी भारत सरकारलाच पडला होता, आणि तेव्हा सरकारने दिलेले उत्तर आज वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या भारतात नोंदलेल्या कंपनीचा होता आणि तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते. १९८५ मध्ये खास कायदा करून सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयात जाऊन सांगितले, की आमची न्यायव्यवस्था एवढा मोठा खटला पेलू शकणार नाही. त्यावर कंपनीचे वकील भारतीय न्यायालयांची थोरवी गाऊ लागले. न्यायाधीश कीनन यांनी मे १९८६ मध्ये दावा भारतात पाठवला. या दाव्यासाठी आमच्यापेक्षा दुसऱ्या देशाचे न्यायालय अधिक सोयीचे आहे, अशा अर्थाचे एक तत्त्व तिकडच्या कायद्यात आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला. सोय कोणाची, हा प्रश्न अर्थातच तिथे गौण ठरला.

पाठवताना त्यांनी अटी घातल्या होत्या: भारतीय न्यायालयाचा अधिकार मान्य करावा, तिथला निवाडा पाळावा आणि कागदपत्रे अमेरिकी नियमांप्रमाणे खुली करावीत. वरच्या न्यायालयाने १९८७ मध्ये यातली पहिली तेवढी ठेवली आणि उरलेल्या दोन काढून टाकल्या. म्हणजे कंपनीने भारतीय न्यायालयात उभे राहायचे एवढेच शिल्लक राहिले. सरकारने मागितले होते ३ अब्ज डॉलरहून अधिक, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. फौजदारी खटल्यात जून २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना डिसेंबर १९८४ मध्ये अटक करून लगेच जामिनावर सोडले होते. ते देश सोडून गेले, पुन्हा कधी भारतीय न्यायालयासमोर आले नाहीत आणि २०१४ मध्ये वारले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्येच ‘संपूर्ण दायित्वा’चा सिद्धांत मांडला होता: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने निष्काळजीपणा केला नसला तरी नुकसानभरपाई दिलीच पाहिजे, आणि ती उद्योगाच्या आकाराच्या प्रमाणात असली पाहिजे. जगातल्या फार थोड्या न्यायालयांनी एवढी कडक भूमिका घेतली आहे. पण हा सिद्धांत सीमेपलीकडे जाऊ शकत नाही. निर्णय घेणारे एका देशात, कारखाना दुसऱ्या देशात, पैसा तिसऱ्या देशात आणि मेलेली माणसे चौथ्या ठिकाणी, अशी रचना असेल तर कितीही चांगला देशी कायदा अर्ध्या वाटेवर थांबतो. उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी करार हवा, असे माझे मत आहे.

हिशेबनीस

काळा कोट यांनी मांडलेला इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. जून २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत या कराराची बोलणी सुरू करण्याचा इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेचा ठराव संमत झाला तेव्हा बाजूने २० मते होती, विरोधात १४ आणि १३ देश तटस्थ राहिले. भारत, चीन आणि रशिया बाजूने होते. अमेरिका आणि परिषदेत असलेले युरोपीय संघाचे देश विरोधात होते. म्हणजे ज्या देशांत या कंपन्यांची मुख्यालये आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांना करार नको आहे. अशा करारावर सही करणार कोण? शंभर देशांनी सही केली आणि ज्यांच्या सहीला अर्थ आहे त्यांनी केली नाही, तर ते कागदी वाघच ठरणार. दरवर्षी जिनिव्हात जमून मसुद्यावर नवा मसुदा काढण्याचा हा क्रम मला तरी कापूसकोंड्याच्या गोष्टीसारखा वाटतो.

त्यापेक्षा कंपनीच्या मायदेशातला कायदा अधिक उपयोगी पडतो, याचे उदाहरण आपल्याच ओळखीचे आहे. झांबियातल्या चिंगोला परिसरातील गावकऱ्यांनी तांब्याच्या खाणीतून होणाऱ्या पाणीप्रदूषणाबद्दल वेदांता या मूळ कंपनीवर लंडनमध्ये दावा केला. तो तिथे चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले आणि २०२१ मध्ये जबाबदारी मान्य न करता का होईना, कंपनीने तडजोड केली. हे कोणत्याही कराराविना झाले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठासाखळीतल्या दक्षतेची सक्ती केली, जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. माझा कराराला तात्त्विक विरोध नाही, पण त्याची वाट बघत बसण्याला आहे.

आणि एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. आता आपल्याही कंपन्या बहुराष्ट्रीय आहेत. उद्या आफ्रिकेतल्या एखाद्या गावाने मुंबईच्या न्यायालयात दावा आणला तर आपण टाळ्या वाजवणार आहोत का?

गोदाकाठ

हिशेबनीस, शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर होय असे आहे. त्या गावाला मुंबईत न्याय मागता आला नाही तर भोपाळबद्दल बोलण्याचा आपला अधिकार पोकळ ठरेल.

मी कामगार चळवळीत काम करते, म्हणून बंधनकारक आणि ऐच्छिक यांतला फरक मला पुस्तकापेक्षा राणा प्लाझामुळे अधिक कळला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे ती आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले. या कारखान्यांतून माल घेणाऱ्या ब्रँडांच्या स्वतःच्या आचारसंहिता होत्या आणि इमारतीतल्या काही कारखान्यांची तपासणीही आधी झालेली होती. तपासणीचे अहवाल छापील आणि नीटनेटके असतील याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर महिन्याभरातच जागतिक कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार झाला आणि पुढे दोनशेहून अधिक ब्रँडांनी त्यावर सह्या केल्या. तो कायदेशीरपणे बंधनकारक होता आणि वाद झाल्यास लवादाकडे जाण्याची तरतूद त्यात होती. दोन ब्रँडांनी दुरुस्तीच्या खर्चाची जबाबदारी टाळल्यावर कामगार संघटनांनी हेगला लवादापुढे दाद मागितली, आणि त्यांतल्या एका ब्रँडला २०१८ च्या तडजोडीत २३ लाख डॉलर द्यावे लागले. अग्निरोधक दरवाजे बसले, खांब भक्कम झाले. ब्रँडांची सदिच्छा २०१३ च्या आधीही होतीच, पण तेव्हा कोणाला लवादापुढे खेचता येत नव्हते.

मायदेशातल्या कायद्यांवर विसंबण्याबद्दल एवढेच म्हणेन, की जे एक संसद देते ते पुढची संसद काढून घेऊ शकते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कंपन्यांच्या दक्षतेचा निर्देश संमत केला आणि २०२५ उजाडताच तो सौम्य करण्याची प्रक्रिया सुरू केली, कारण स्पर्धेत मागे पडू ही भीती. ही भीती खोटी नाही. म्हणूनच सगळ्यांना एकच नियम हवा.

आणि बंधनकारक आंतरराष्ट्रीय नियम व्यवहार्य नाहीत हे म्हणणे तर मला मुळीच पटत नाही, कारण कंपन्यांसाठी ते केव्हाचे आहेत. केर्न एनर्जी या ब्रिटिश तेलकंपनीने कराच्या वादात भारताविरुद्ध ब्रिटनबरोबरच्या गुंतवणूक कराराखाली लवाद नेमवला, डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलरचा निवाडा मिळवला आणि पुढच्या जुलैत पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणली. ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने तो कर आकारणारा कायदा बदलला आणि २०२२ मध्ये कंपनीला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले. भोपाळच्या पीडितांसाठी वाढीव ७,८४४ कोटी रुपये मागणारी सरकारची याचिका २०१० मध्ये दाखल झाली होती आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

हिशेबनीस

आकडे बरोबर आहेत, तुलना थोडी वाकडी आहे. केर्नला मिळाले ते तिच्याकडूनच वसूल केलेल्या कराचे पैसे होते. भोपाळची याचिका फेटाळताना न्यायालयाने, पीडितांसाठी विमा उतरवण्याची हमी सरकारने पाळली नाही, यावरही बोट ठेवले होते. तो दोष जिनिव्हाच्या माथी मारता येणार नाही. तरीही गुंतवणूकदाराला परदेशी सरकारची मालमत्ता गोठवता येते आणि विधवेला परदेशी कंपनीची साधी कागदपत्रे मागता येत नाहीत, हा मुद्दा मला खोडून काढता येत नाही, एवढे मान्य करतो.

वणीकर

सर्वांचे आभार. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले हे मला माहीत नव्हते. मग आपल्या सरकारकडे नेमके काय मागायचे? आणि असा करार झालाच, तर बाझेलला गेलेल्या त्या बायांना त्याने काय वेगळे मिळाले असते?

काळा कोट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आजवरच्या मसुद्यांमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. नुकसान जिथे झाले तिथे किंवा कंपनीचे मुख्यालय जिथे आहे तिथे, दोन्हीकडे दावा करता यावा आणि ‘दुसरे न्यायालय अधिक सोयीचे’ असे सांगून तो परत पाठवता येऊ नये, ही पहिली. पीडितांना कायदेशीर मदत आणि माहिती मिळावी, ही दुसरी. योग्य प्रकरणांत पुराव्याचे ओझे कंपनीवर टाकण्याची मुभा न्यायालयाला असावी, ही तिसरी. फवारणी करून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या घरच्यांनी औषधाची रिकामी बाटली जपून ठेवलेली असतेच असे नाही, त्यामुळे तिसरी गोष्ट यवतमाळसाठी सर्वांत मोलाची आहे. उलटपक्षी, २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांखाली त्यांना मिळू शकते ते फार तर मध्यस्थी. ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) अशाच ऐच्छिक नियमांखाली तक्रार झाली होती आणि ती समझोत्याविना संपली.

सरकारकडे काय मागायचे, तर मूळ ठरावाच्या तळटिपेचा आग्रह सोडावा. तिच्यानुसार, केवळ देशी कायद्याखाली नोंदलेले स्थानिक उद्योग कराराबाहेर राहतात. नंतरच्या मसुद्यांनी व्याप्ती वाढवली आहे, पण करार बहुराष्ट्रीय कंपन्यांपुरताच असावा अशी भारताची भूमिका राहिली आहे. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड कुठे नोंदलेली होती, हे मी वर लिहिलेच आहे. तुमच्या खासदारांना पत्र लिहिणार असाल तर तो एक परिच्छेद त्यात अवश्य घाला.