मॅकबेथ कशानं बुडाला, महत्त्वाकांक्षेनं की भीतीनं?

रात्रपाळी:
शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' म्हटलं की 'अतिमहत्त्वाकांक्षेनं नाश' हे उत्तर ठरलेलं. परवा पुन्हा वाचलं आणि ते मला पटेना. राज्यासाठी सरदार मॅकबेथ मारतो स्कॉटलंडचा राजा डंकनला, आणि ते झाकायला दोन पहारेकऱ्यांना. तिसरा अंक उघडतो तेव्हा तो राजा झालेला आहे. हवं होतं ते मिळालं! मग आपला सोबती सेनापती बँको, त्याच्यावर मारेकरी कशाला? सरदार मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल कशाला? तो स्वतःच म्हणतो, नुसतं राजा असण्याला अर्थ नाही, निर्धास्त राजा असायला हवं. हे भ्यालेल्या माणसाचं बोलणं आहे. माझ्या मते त्याला भीतीनं खाल्लं.

तिसरी घंटा:
साफ असहमत. पहिल्या अंकातलं सातव्या प्रवेशाचं स्वगत वाचा. डंकन आपला नातलग, आपला राजा, आज आपल्या घरचा पाहुणा. त्याला का मारू नये हे मॅकबेथ एकेक करून सांगतो. आणि शेवटी कबूल करतो की टाच मारायला महत्त्वाकांक्षेशिवाय माझ्याजवळ दुसरं काही नाही. भीती तेव्हा कुठे होती?

बँकोच्या खुनाचंही तेच. चेटकिणींच्या भाकितात मॅकबेथ राजा होणार, पण पुढचं राज्य त्यांनी बँकोच्या वंशाला देऊ केलंय. आपल्या डोक्यावर निष्फळ मुकुट, हातात वांझ राजदंड, ही मॅकबेथची जळजळ आहे. आता त्याला गादी पिढ्यान्‌पिढ्या हवीय. हाव वाढलीय, संपलेली नाही. शिरवाडकरांनी रूपांतराला 'राजमुकुट' हे नाव दिलं ते मला म्हणूनच चपखल वाटतं. शिवाय तीच भाकितं बँकोनंही ऐकली होती. त्यानं कुठे तलवार उपसली?

जुनी बखर:
बँकोचा दाखला जपून द्या. शेक्सपिअरनं कथा घेतली ती इंग्रज इतिहासकार हॉलिनशेडच्या बखरीतून, आणि तिथे बँको कटात सामील आहे. नाटक साधारण 1606 चं. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता पहिला जेम्स, आणि त्याचा वंश बँकोपासून सांगितला जाई. राजाचा पूर्वज खुनी कसा दाखवणार? म्हणून नाटकात तो निर्मळ झाला.

खऱ्या मॅकबेथनं तर 1040 ते 1057 अशी सतरा वर्षं राज्य केलं, आणि डंकन त्याच्याविरुद्ध लढाईत पडला. झोपलेल्या पाहुण्याचा खून नाटककारानं मुद्दाम रचलाय. त्यामुळे मी तिसरी घंटा यांच्याच बाजूचा, पण लेडी मॅकबेथमुळे. सुरुवातीला तिला भीती ठाऊकच नाही, निव्वळ आकांक्षा. तरी राणी झाल्यावर ती म्हणते, सगळं खर्चून हाती काही लागलं नाही. पाचव्या अंकात तिला रात्रभर उशाशी दिवा लागतो.

रात्रपाळी:
वांझ राजदंडाचा मुद्दा मान्य, तो माझ्या नजरेतून सुटला होता. बँकोपुरतं मी मागे घेतो. पण मॅकडफच्या घरादाराचं काय? मॅकडफ इंग्लंडला निसटलाय. त्याचं लेकरू मारून कोणता मुकुट मिळणार होता? इथे महत्त्वाकांक्षा कुठे आहे, दाखवाच.

पडद्यामागून:
मी कॉलेजात त्या प्रवेशातल्या मारेकऱ्याचं काम केलंय, म्हणून लिहितोय. बाप नाही तर जगशील कसा, असं आई विचारते आणि पोरगा म्हणतो, पाखरं जगतात तसा. मग आम्ही आत शिरायचो. तालमीत मला रोज जाणवायचं की मॅकबेथ इथे नाहीच. डंकनच्या वेळी खंजीर घेऊन तो स्वतः गेला होता, आणि परत आला तेव्हा त्याला 'आमेन' म्हणता येत नव्हतं. इथे मनात आलं की हातानं करून टाकायचं, एवढंच त्यानं ठरवलंय. रात्रपाळी, मला यात हाव दिसत नाही, पण भीतीही दिसत नाही. भिणाऱ्याला निदान काहीतरी जाणवत असतं. बायको गेल्याचं कळतं तेव्हाही तो एवढंच म्हणतो की ती पुढे कधीतरी मरायलाच हवी होती.