गाळ्याच्या डिपॉझिटात पैसे अडकवू नका

दोन लाखांत चहाची फ्रँचायझी घ्यावी की घरगुती डबे सुरू करावेत, असं विचारलंत. माझं मत डब्यांना. ठाणे स्टेशनजवळ गाळा घेतलात तर निम्मे पैसे डिपॉझिटातच जातील, आणि चहा काय, दर दहा पावलांवर मिळतो. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे आयटीतली एकटी राहणारी पोरं घरच्या पोळीसाठी आसुसलेली असतात. आमच्या वहिनींनी आठ डब्यांवर सुरुवात केली. महिन्याचं कडधान्य, मसाला वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, एकदम आणायच्या. गिऱ्हाइकांच्या उधारीने मात्र दमवलं, तेव्हा पैसे आगाऊच घ्या. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आधी करा. पैसे कमी पडलेच तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असतं. आणि पोळ्या लाटायला मदतनीस आहे का कोणी?