सेप्टिक टाकीचा व्हेंट पाईप बाहेरच्या भिंतीवरून कसा न्यावा?

तापीकाठ, चोपडा
घर तळमजला अधिक एक मजला, गच्ची जमिनीपासून २२ फूट. टाकी मागच्या अंगणात, भिंतीपासून ६ फुटांवर. सध्या टाकीतला वायू जायला टाकीच्या स्लॅबमधून दीड इंची पाईप ४ फूट वर काढून सोडलाय. कूलर लावला की खोलीत वास भरतो. मिस्त्री म्हणतो टोपी बसवा, काम होईल. माती काळी आहे. पाईप कोणता, किती उंच, सामान किती?

मुरूम_खडी, अमळनेर
टोपीने वास जाणार नाही, दादा. कूलर बाहेरची हवा ओढून घरात ढकलतो आणि तुमच्या पाईपचं तोंड त्याच उंचीला आहे. पाईप गच्चीच्या वर २ मीटर न्या. घराजवळच्या टाकीसाठी आयएस २४७० मानकात हीच उंची आहे, व्यास किमान ५० मिमी. खान्देशात उन्हाळाभर माणसं गच्चीवर झोपतात, तेव्हा उंचीत एक फूटही वाचवू नका.

व्यास ७५ मिमी घ्या. बारीक पाईपमध्ये कोळ्याची जाळी लवकर अडथळा करते. पाईप एसडब्ल्यूआर (मैला-सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप), आयएस १३५९२ छापलेला. हवेसाठी ए टाइप चालतो, पण जमिनीजवळचा भाग बी टाइपचा घ्या. तो जाड असतो, धक्का सोसतो.

सामान: ३ मीटरचे ४ पाईप, एक साधा बेंड, भिंतीच्या पायथ्याला झाकणवाला डोअर बेंड, ८ क्लॅम्प, व्हेंट काऊल (पाईपच्या वरच्या तोंडावरची जाळीदार टोपी).

पीव्हीसीवाला, जळगाव
जोड रबर रिंगचे घ्या, चिकटवू नका. आपल्या उन्हात रात्रीच्या आणि दुपारच्या पाईपच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने ३ मीटरचा पाईप सुमारे ८ मिमी वाढतो. सगळे जोड चिकटवले तर पाईप कमानीसारखा वाकतो आणि क्लॅम्प भिंतीतून उपटतो. पाईप सॉकेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या पाईपच्या रुंद तोंडात, पूर्ण दाबा, पेन्सिलने खूण करा, मग १० मिमी मागे ओढा. सॉकेटचं तोंड वर ठेवा, म्हणजे आतून ओघळणारं पाणी जोडातून बाहेर येणार नाही.

क्लॅम्प १.२ मीटरवर. प्रत्येक पाईपला सॉकेटखालचा एकच क्लॅम्प घट्ट, बाकीचे पाईप सरकेल इतके सैल. गच्चीवर कठड्याला दोन क्लॅम्प हवेतच. मे महिन्यात केळी आडव्या करणारं वादळ येतं, त्यात सुटा पाईप टिकत नाही. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून पाण्यात मिसळणारा पांढरा बाहेरचा रंग दोन हात द्या. थिनरचा रंग नको.

तापीकाठ, चोपडा
टाकी ते भिंत हा आडवा तुकडा जमिनीखालून नेला तर?

मुरूम_खडी, अमळनेर
न्या, पण सगळी गडबड तिथेच होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. टाकी एकीकडे सरकते, भिंत दुसरीकडे. मधला पाईप घट्ट असेल तर तुटतो. चर खोदून पाईपच्या चारही बाजूंनी १० सेंमी वाळू भरा, काळी माती लागू देऊ नका. दोन्ही टोकांना रिंगचेच जोड.

उतार टाकीकडे हवा. ६ फुटांत भिंतीकडचं टोक दीड इंच वर. पाईपमध्ये वाफेचं पाणी जमतं, ते टाकीत परत गेलं पाहिजे. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचून बूच बसतं. मग पाईप वर उभा दिसतो, पण हवा जात नाही.

भुसावळकर
कूलर बंद असतानाही वास येतो का? तो फक्त बाथरूममध्ये असेल तर आधी नहाणी ट्रॅप (मोरीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) बघा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये उन्हाळ्यात ट्रॅपचं पाणी सुकतं आणि वास थेट वर येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. फ्लश केल्यावर ट्रॅप गुडगुडत असेल तर मैल्याच्या पाईपलाही वरपर्यंत हवा लागते. हे काम वेगळं.

नव्या पाईपसाठी टाकीच्या स्लॅबचं भोक मोठं करण्याआधी टाकी टँकरने उपसून घ्या, झाकण उघडं ठेवा. आत मिथेन असतो, जवळ बिडी-काडी नको. सडक्या अंड्याचा वास अचानक येईनासा झाला तर जास्तच धोका, कारण तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायू वाढला की नाक बधिर होतं. कुणालाही आत उतरवू नका, डोकंही घालू देऊ नका.

पीव्हीसीवाला, जळगाव
काऊलखाली डासांची जाळी विसरू नका. क्युलेक्स डास अशाच टाक्यांत वाढतात. जाळी नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची. साधी लोखंडी जाळी या वायूने गंजते. दरवर्षी पावसाळ्याआधी काढून ब्रशने धुवा.