ड्रायव्हरचा रिसेट पाथ तपासायला मुद्दाम फॉल्ट कसे टाकायचे?

बिट_वाचक: लिनक्समध्ये पीसीआयई कार्डचा ड्रायव्हर लिहितोय. कार्ड अडकलं की ते परत चालू करणारा रिसेटचा कोड आहे पण तो कधी चाललेलाच नाही कारण कार्ड बिघडतच नाही. म्हणून फेलस्लॅब (कर्नलमधलं अ‍ॅलोकेशन, म्हणजे मेमरी मागणं, मुद्दाम फेल करणारी सोय) चालू करून प्रोबॅबिलिटी १० टक्के ठेवली, तर एसएसएच (रिमोट लॉगिन) अडकायला लागलं आणि माझ्या रिसेटमध्ये मात्र एकही अ‍ॅलोकेशन फेल नाही. काय चुकतंय?

ऊप्स_संग्राहक: फेलस्लॅबचं इग्नोर-जीएफपी-वेट हे सेटिंग डीफॉल्टने वाय (चालू) असतं, म्हणजे झोपू शकणारी (मेमरी मिळेपर्यंत थांबू शकणारी) अ‍ॅलोकेशन्स सोडून दिली जातात. तुझी सगळी जीएफपी_कर्नल, म्हणजे झोपू शकणारी असणार, म्हणून सुटली, आणि नेटवर्कची अ‍ॅटॉमिक (थांबू न शकणारी) होती ती सापडली. ते सेटिंग एन (बंद) कर. पण मग मशीनभर गोंधळ होईल, म्हणून प्रोबॅबिलिटी ० वर आण आणि फेल-एनथ वापर, त्याने एका प्रोसेसचं ठरावीक नंबरचंच अ‍ॅलोकेशन फेल होतं. प्रोसेसच्या फेल-एनथ फाइलमध्ये १ लिही, सिसएफएसमधल्या (डिव्हाइसच्या सेटिंगच्या फाइल्स) तुझ्या कार्डच्या रिसेट फाइलमध्ये लिहून रिसेट चालव, मग २, मग ३, असं एकेक अ‍ॅलोकेशन पाडत जायचं. फेल-एनथ परत वाचल्यावर ० आला तर फॉल्ट पडला, ० पेक्षा मोठा आला तर तेवढी अ‍ॅलोकेशन्स झालीच नाहीत, थांबायचं. रिसेट फाइल आधीच उघडून ठेव हां, नाहीतर ओपनच फेल होतं.

बिट_वाचक: पण टाइमआउट झाला की माझा रिसेट वर्कक्यूमधून (कर्नल मागाहून करतो त्या कामांची रांग) चालतो.

ऊप्स_संग्राहक: मग तिथे फेल-एनथ नाही पोचणार, टास्क-फिल्टर (ठरावीक प्रोसेसपुरता फॉल्ट) पण नाही, कारण चालवणारा तुझी प्रोसेस नसून केवर्कर हा कर्नलचा थ्रेड आहे. स्टॅकट्रेस फिल्टरवाला (कोणत्या कोडने कॉल केला ते बघून फॉल्ट टाकणारा) कर्नल बनव आणि रिक्वायर-स्टार्ट, रिक्वायर-एंडमध्ये तुझ्या मॉड्यूलचे (ड्रायव्हरच्या कोडचे) मेमरीतले सुरुवातीचे आणि शेवटचे पत्ते दे.

शून्य_पॉइंटर: मेमरीवरच थांबू नकोस, कार्ड गायब झाल्यावर काय होतं ते बघ, खरी वाट तिथे लागते. एक्स८६ वर सेटपीसीआय या कमांडने कार्डच्या कमांड रजिस्टरमधला मेमरीचा बिट बंद केलास की कार्ड गायब असल्यासारखे कार्डच्या रजिस्टरच्या प्रत्येक रीडला सगळे बिट १ येतात. आता "रेडी बिट १ झाला का" असं तपासणारा कोड मेलेल्या कार्डाला तयार समजतो, आणि "बिझी बिट ० होईपर्यंत थांब" वाला लूप मर्यादा नसेल तर संपतच नाही. एईआर-इंजेक्ट या टूलने एरर_डिटेक्टेड, स्लॉट_रिसेट हे कॉलबॅक (एरर आल्यावर कर्नल बोलावतो ती ड्रायव्हरची फंक्शन्स) चालवता येतात, पण त्यात एररची फक्त खबर खोटी असते, कार्ड ठणठणीत असतं, म्हणून दोन्ही करावं लागतं. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू ठेवूनच कर.

बिट_वाचक: फेल-एनथ ७ वर सापडलं! डीएमए बफर (कार्ड थेट वापरतं ती मेमरी) मिळाला नाही की एरर पाथमध्ये आयआरक्यू (इंटरप्ट) सोडत होतो आणि ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्हमध्ये परत तोच. केएएसएएनने पण रिंग बफरचा यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी परत वापरणं) दाखवला. दोघांचे खूप आभार, आता सेटपीसीआयवालं करतो.