लेसिक झालंय? जुनी फाइल टाकू नका
तरुणपणी लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) झालं असेल तर पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येतं का, असं वर विचारलंय. नक्की येतं. अडचण येते ती आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना. मायनस नंबरच्या लेसिकमध्ये कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) मधला भाग सपाट केलेला असतो. नेहमीची यंत्रं कॉर्नियाची पुढची बाजू मोजून मागच्या बाजूचा अंदाज बांधतात. लेसिकनंतर हा अंदाज चुकतो, त्यामुळे कॉर्नियाची प्रकाश वाकवायची ताकद आहे त्याहून जास्त धरली जाते, लेन्स कमी ताकदीची निवडली जाते आणि ऑपरेशननंतर प्लस नंबर राहतो. आता बॅरेट ट्रू-के सारखी खास सूत्रं आल्यामुळे गणित पुष्कळ सुधारलंय. तरी लेसिक झाल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा, आणि लेसिकआधीचा नंबर व केराटोमेट्रीचे (कॉर्नियाचा बाक मोजल्याचे) आकडे असलेली फाइल कृपया जपून ठेवा.

मल्टिफोकल लेन्सचं (दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसावं म्हणून बसवतात ती) वर बरंच कौतुक झालंय. तिच्यात प्रकाश विभागला जातो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. लेसिक झालेल्या डोळ्याला हा त्रास जास्त जाणवू शकतो. रात्री गाडी चालवत असाल तर मी मोनोफोकलच (एकाच अंतरासाठीची लेन्स) सुचवेन. वाचायला चष्मा लागला तर लागू दे.