हिशेब मीटरचा नव्हे, पन्ह्याचा

मुंबईच्या घाऊक बाजारात मीटरमागे दहा-वीस रुपये स्वस्त कापड मिळाले की शिलाईच्या धंद्यात नफा सुटतो, हे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण त्यात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, धरलेलाच नाही. पूर्ण बाह्यांच्या पुरुषी शर्टाला ४४ इंची पन्ह्याचे कापड साधारण २ मीटर लागते, तर ५८ इंचीचे १.६० मीटर पुरते. म्हणजे १२० रुपयांचे अरुंद कापड शर्टामागे २४० रुपयांना पडते आणि १४० रुपयांचे रुंद कापड २२४ रुपयांना.

शिवाय सुती कापड आटते, ते वेगळेच. कुडाळला आमच्या सहा मशिनींच्या कारखान्यात एकदा जूनच्या घाईत गणवेशाचे कापड न भिजवताच बेतले आणि पहिल्या धुण्यातच बाह्या मनगटाच्या वर गेल्या. आता प्रत्येक ठाणातून, म्हणजे कापडाच्या अख्ख्या ताग्यातून, मीटरभर तुकडा कापून, तो धुऊन, वाळवून पुन्हा मोजल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. आपल्याकडच्या पावसात तो तुकडा वाळायलाच दोन दिवस जातात, त्यामुळे ठाण एप्रिलातच आणून ठेवावे लागते, आणि तेही भिंतीला न टेकवता फळीवर. नाहीतर घडीच्या रेषेवर बुरशीचे काळे ठिपके पडतात.